पर्यावरणाचे शब्द आणि आपली वारी



गेल्या आषाढीच्या वाटेवर लोणंदच्या मुक्कामी आमच्या दिंडीत एक लहानसा वाद झाला. पाण्याच्या टँकरला कोणी कापडी फलक बांधला होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'शाश्वत वारी, पर्यावरणपूरक वारी, कार्बनमुक्त वारी.' आमचे वृद्ध विणेकरी चष्मा पुसून ते वाचू लागले आणि म्हणाले, "वारी शाश्वत आहेच की! हे आणखी काय नवीन काढलं?" कॉलेजात शिकणारा एक मुलगा पुढे सरसावला, पण दोन वाक्यांतच त्याची गाडी अडली. "आजोबा, म्हणजे प्रदूषण नको, असं..." एवढे बोलून तो गप्प झाला. मग सर्वांची तोंडे आमच्याकडे वळली. चार पुस्तके वाचलेले म्हणून दिंडीत आमचा थोडा लौकिक आहे. त्या रात्री तो काही उपयोगी पडला नाही.

घरी परतल्यावर आम्ही या शब्दांच्या मागे लागलो. जाणत्यांना विचारले, जे मिळाले ते वाचले, आणि जेवढे उमगले तेवढे येथे मांडीत आहो. हे शब्द आता ग्रामसभेत येतात, नातवंडांच्या पुस्तकांत येतात, पत्रावळींच्या गठ्ठ्यांवर छापलेले येतात. ज्याला शब्दाचा अर्थ ठाऊक नाही त्याला त्याच शब्दाने फसविता येते. आम्ही स्वतः फसलो, ती हकीकत पुढे येईलच.

आरंभ 'पर्यावरण' या शब्दापासूनच करू. परि म्हणजे सभोवती, आणि आवरण म्हणजे वेढणारे. आपल्याला वेढून असलेली हवा, पाणी, माती, झाडेझुडपे, पशुपक्षी, आणि त्यांत वावरणारे आपणही, हे सारे मिळून पर्यावरण. जून १९७२ मध्ये स्वीडन देशातील स्टॉकहोम येथे या विषयावर संयुक्त राष्ट्रांची मोठी परिषद भरली. तेव्हापासून ५ जून हा पर्यावरण दिन ठरला आणि हळूहळू हा शब्द आपल्या गावागावांत पोचला. पुष्कळांची समजूत अशी की पर्यावरण म्हणजे झाडे लावणे. झाडे तर हवीतच. पण मुक्कामाच्या तळावरील चुलीचा धूर, तंबूमागे साचलेले खरकटे, टाळांबरोबर कर्ण्यांचा चाललेला कलकलाट, हेदेखील पर्यावरणातच मोडते.

त्याच्या जोडीला 'परिसंस्था' हा शब्द येतो. तो १९३५ साली टॅन्सले नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रथम वापरला. दिंडी ज्याने पाहिली आहे त्याला हा समजण्यास मुळीच कठीण नाही. दिंडीत विणेकरी असतो, टाळकरी, पखवाजी, झेंडेकरी असतात, डोईवर तुळस घेतलेल्या माउली असतात. मागे ट्रकचा ड्रायव्हर असतो आणि पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापणाऱ्या बाया असतात. एकदा आमचा आचारी वाटेत आजारी पडला, तेव्हा पखवाज कसा ढिला वाजतो ते सर्वांनी ऐकले! प्रत्येकाचे असणे दुसऱ्यावर टेकलेले असते. रानातही तसेच. रस्त्याकडेचा जुना वड घ्या. त्याच्या फळांत अगदी चिमुकली एक माशी वाढते, आणि वडाचे परागण तिच्यावाचून होत नाही. ती फळे पक्षी खातात, त्यांच्या विष्ठेतून बी दूरवर पडते, ढोलीत पोपट राहतात, मुळाशी माती धरून राहते, आणि खाली आपली दिंडी विसावते. पालखी मार्ग चौपदरी करण्याच्या कामाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. रस्ता झाला, चालणाऱ्यांची सोय झाली, ते नाकारण्याचे कारण नाही. पण रुंदीकरणात कडेची कितीतरी जुनी झाडे गेली. एका झाडाऐवजी दहा रोपे लावली म्हणजे झाडांचा हिशेब जुळतो. त्या एका वडाभोवती जमलेली संस्था जुळायला दोन पिढ्या लागतात. म्हणून वृक्षारोपणाचा आकडा कोणी सांगितला, तर 'तिसऱ्या उन्हाळ्यात जगली किती?' असे नम्रपणे विचारावे.

आता ज्या शब्दापाशी आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो तो शब्द 'पाणलोट'. हा काही परका नाही, आपल्या शेतकऱ्याच्या तोंडचाच आहे. घराच्या छपराच्या एका पाख्यावर पडलेला पाऊस जसा एकाच पन्हळीतून खाली येतो, तसा ज्या भूमीवरचा पाऊस वाहत वाहत एकाच नदीस मिळतो, ती सारी भूमी त्या नदीचे पाणलोट क्षेत्र होय. आम्ही नकाशा पुढे घेतला आणि माउलींच्या पालखीचा मार्ग बोटाने धरून गेलो. आळंदी इंद्रायणीकाठी. इंद्रायणी लोणावळ्याकडून येते, देहू, आळंदी करीत तुळापूरला भीमेस मिळते. पुणे मुळा-मुठेकाठी; तीही पुढे भीमेसच मिळते. दिवेघाट चढून आपण पलीकडे उतरतो, म्हणजे एका पाख्यावरून दुसऱ्यावर जातो. सासवड-जेजुरीचे पाणी कऱ्हेस, आणि कऱ्हा जाते नीरेस. वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, या टापूचे पाणी नीरेचे. आणि नीरा? ती नरसिंहपूरला भीमेच्या गळ्यात पडते. त्यापुढे वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, सारे भीमेचेच अंगण. तुकोबारायांच्या पालखीच्या वाटेवर बोट ठेवले तरी तेच: देहू, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज, कुठूनही पाणी सोडा, ते भीमेकडेच धावते.

आणि पंढरपुरात त्या भीमेलाच आपण चंद्रभागा म्हणतो.

हे ध्यानात आले तेव्हा आम्ही नकाशा बाजूला ठेवून थोडा वेळ नुसते बसलो. इतकी वर्षे चाललो, नीरेवर पादुकांचे स्नान डोळे भरून पाहिले, पण ज्या वाटेने आपण चालतो त्या वाटेवरचा प्रत्येक ओढा, प्रत्येक गटार आपल्याबरोबर त्याच दिशेने निघाले आहे, हे कधी मनात आले नव्हते. आळंदीच्या घाटावर कपडे धुताना सोडलेला साबण, पुण्याच्या मुक्कामात गटारात ओतलेले खरकटे, फलटणच्या तळामागे टाकलेली घाण, यांची अखेर एकच. मध्ये उजनीचे धरण आहे. ते १९८० मध्ये पुरे झाले. तेथे आळंदीचे आणि पुण्याचे पाणी थांबते, काही गाळ बसतो, पण आषाढीला वाळवंटात आपण ज्यात उतरतो ते पाणी बहुतांशी त्या धरणातूनच सोडलेले असते. नीरेचे पाणी तर धरणाच्या खाली मिळते, म्हणजे ते तेवढेही थांबत नाही. बरे, पंढरपूर हा काही नदीचा शेवट नव्हे. तीच भीमा पुढे कर्नाटकात गाणगापुरास जाते. तेथे दत्तभक्त पहाटे स्नानाला उतरतात. मग रायचूरकडे ती कृष्णेस मिळते. 'नदीत सोडले, गेले' असे आपण म्हणतो. ते जाते कोणाच्या तरी तांब्यात.

येथे एक अवघड नाव सांगितलेच पाहिजे. पाण्याच्या अहवालांत 'बीओडी' अशी तीन अक्षरे असतात. मराठीत त्यास जैवरासायनिक प्राणवायू मागणी म्हणतात. नाव एवढे लांब की उच्चारतानाच प्राणवायू संपावा. पण गोष्ट सोपी आहे. मासा पाण्यातच श्वास घेतो, आणि पाण्यात प्राणवायू फार थोडा विरघळतो. आपल्याकडील उबदार पाण्यात एका लिटरमध्ये जेमतेम आठ मिलिग्रॅम. तेवढ्याच हवेत तो अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक असतो. म्हणजे माशांचे बिऱ्हाड मुळातच गरिबीचे. आता पाण्यात कुजणारी वस्तू पडली, की ती कुजविणारे सूक्ष्म जंतू कामाला लागतात, आणि त्या कामासाठी त्यांनाही प्राणवायू लागतो. तो ते त्याच आठ मिलिग्रॅमांतून घेतात. किती घेतील, याचे माप म्हणजे बीओडी. आपल्या देशात हे पाहण्यासाठी नमुना बाटलीत बंद करून अंधारात २७ अंश उष्णतेत तीन दिवस ठेवतात. आधी प्राणवायू किती होता, नंतर किती उरला, ते मोजतात आणि त्यावरून हिशेब काढतात. स्नानाच्या पाण्यात हा आकडा लिटरमागे तीनपेक्षा अधिक नसावा आणि विरघळलेला प्राणवायू पाचांपेक्षा कमी नसावा, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मान आहे. शहरातील प्रक्रिया न केलेल्या मैलापाण्याचा आकडा दोनशे-तीनशेच्या घरात जातो. हिशेब करून पाहा: असे एक लिटर मैलापाणी सुमारे तीस लिटर चांगल्या पाण्यातील सारा प्राणवायू खाऊ शकते.

आणि आता जे सांगतो ते वाचून काहींना राग येईल. दुधाचा बीओडी लिटरमागे एक लाखाच्या आसपास, किंवा त्याहूनही जास्त असतो. दूध वाईट म्हणून नव्हे, ते फार पौष्टिक म्हणून. जे आपल्याला पौष्टिक ते जंतूंनाही पौष्टिक. भक्तीने नदीत एक लिटर दूध ओतले, तर ते कुजताना बारा हजार लिटर स्वच्छ पाण्याचा प्राणवायू संपवू शकते. निर्माल्याचे, नैवेद्याच्या भाताचे, केळीच्या खांबांचेही असेच, प्रमाण कमी एवढेच. आम्ही स्वतः कित्येक वर्षे निर्माल्याची परडी चंद्रभागेत मोकळी केली आहे आणि वर म्हटले आहे, "फुलंच तर आहेत, कुजून जातील." कुजून जातील हे खरेच होते. मातीत कुजली तर त्यांचे खत होते, कारण जमिनीच्या वरच्या थरात हवा खेळती असते. पाण्यात कुजली तर माशाच्या तोंडचा श्वास जातो. वस्तू तीच, फूल तेच. फरक पडतो तो कोठे कुजले याने.

नदीवर माजणाऱ्या जलपर्णीचेही मूळ जवळपास येथेच. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. जांभळी फुले सुरेख दिसतात म्हणून लोकांनी ती देशोदेशी नेली. मैलापाणी, साबण आणि शेतातून वाहून आलेली खते यांतून पाण्यात नत्र आणि स्फुरद वाढले, की ती सोकावते. अनुकूल काळात दोन आठवड्यांत दुप्पट होते. पाण्याच्या या अवस्थेस 'अतिपोषण' म्हणतात. वरून हिरवेगार, आत गुदमरलेले. तसाच आळंदीस इंद्रायणीवर गेल्या काही वर्षांत अनेकदा दिसलेला पांढरा फेस. बंधाऱ्यावरून पाणी खाली पडते तेथे तो उसळतो. साबण, कपड्यांची पावडर आणि कारखान्यांतील तत्सम द्रव्ये पाण्यात असली की असा फेस साचून राहतो. त्या फेसात हौसेने डुबकी घेणारे भाविक आम्ही पाहिले आहेत. पांढरे आहे म्हणून स्वच्छ आहे, असा त्यांचा भाबडा समज.

हे सारे आम्ही दिंडीत सांगितले तेव्हा एक आजी चिडल्या. "नदी आई हाय. तिला घाण म्हणायचं न्हाई. तीर्थाला कसला आलाय विटाळ?" त्यांचा राग आम्हांस खोटा वाटला नाही. पुष्कळ वारकऱ्यांच्या मनात हेच असते आणि ते बोलून दाखविण्याचा धीर आजींना झाला. आम्ही त्यांना एवढेच म्हटले, "आजी, आईचं लुगडं मळलं असं म्हटलं, तर आईचं आईपण कमी झालं का? आणि ते मळवलं कुणी?" तीर्थाचे पावित्र्य हा एक विषय आणि त्या पाण्यात काय मिसळले आहे हा दुसरा. पावित्र्य प्रयोगशाळेत मोजता येत नाही, तेथे ते कोणी मोजूही नये. जंतू मात्र मोजता येतात. आजी काही बोलल्या नाहीत. पटले असे समजण्याचे आम्हांस धाडस नाही.

जंतूंसाठी अहवालात 'कॉलिफॉर्म' हा शब्द येतो. माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यांत राहणाऱ्या जंतूंचा हा एक गट. ते पाण्यात सापडले याचा अर्थ पाण्यात विष्ठा मिसळली आहे, आणि तिच्याबरोबर पटकी, विषमज्वर, हगवण यांचे जंतूही असू शकतात. स्नानाच्या पाण्यात शंभर मिलिलिटरमागे ते पाचशेच्या आत असावेत, अडीच हजारांच्या पलीकडे तर जाऊच नयेत. पिण्याच्या पाण्यात एकही नको. आणखी एक गैरसमज येथेच काढून टाकू. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, पाणी आरशासारखे होते, पण जंतू मरतात असे नाही. नितळ आणि निर्जंतुक हे दोन वेगळे शब्द आहेत. पाणी खळखळून उकळी फुटल्यावर निदान मिनिटभर तसेच ठेवावे. ते जमत नसेल तर क्लोरीनचे थेंब घालून अर्धा तास वाट पाहावी, घाई करू नये. तीर्थ म्हणून आम्ही अलीकडे नदीचे पाणी डोळ्यांना आणि मस्तकाला लावतो, पोटात घेत नाही. दिंडीतील लहान मुलांना तर मुळीच देत नाही. ज्यांची निष्ठा निराळी असेल त्यांच्याशी आमचा वाद नाही. पण नातवंडांपुरते तरी त्यांनी ऐकावे.

याच संदर्भात 'मैलापाणी प्रक्रिया' हा शब्द येतो. प्रक्रिया केलेले पाणी म्हणजे पिण्याजोगे पाणी नव्हे. मैल्यातील कुजणारा भाग बराचसा काढून टाकलेले, नदीत सोडण्याजोगे पाणी, एवढाच त्याचा अर्थ. वाटेवर आता ठिकठिकाणी फिरती शौचालये असतात. २०१५ पासून 'निर्मल वारी' या नावाने त्यास जोर आला. बायाबापड्यांची केवढी मोठी सोय झाली, ते ज्यांनी पूर्वीची वारी केली आहे त्यांनाच कळेल. तरीही एका मुक्कामी आम्ही टाकी उपसणाऱ्या गाडीच्या चालकास सहज विचारले, "दादा, हे आता कुठं नेणार?" तो हसला आणि म्हणाला, "जागा मिळंल तिथं, माउली." तो मनुष्य रात्रंदिवस राबत होता, त्यास आम्ही दोष देत नाही. पण पाणलोट हा शब्द आम्हांस तेव्हा ठाऊक असता तर आम्ही आणखी एक प्रश्न विचारला असता, आणि तो दिंडीप्रमुखांना व तळाची व्यवस्था पाहणाऱ्यांना विचारला असता.

आता आमच्या फसवणुकीची हकीकत. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताटवाट्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या यांवर बंदी आली. पुढे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर साऱ्या देशात बंदी झाली. तेव्हा आमच्या गावच्या सप्ताहासाठी आम्ही बाजारातून चकचकीत कागदी ताटे आणली. गठ्ठ्यावर हिरवे पान काढलेले आणि लिहिलेले, 'पर्यावरणपूरक, विघटनशील.' भाव पळसाच्या पत्रावळीपेक्षा थोडा कमीच. पंगती झाल्यावर मठामागे खड्डा खणून ताटे पुरली, आणि शेजारच्या खड्ड्यात घरून आणलेल्या पळसाच्या थोड्या पत्रावळी. आषाढीपूर्वीची ही गोष्ट. कार्तिकी करून आल्यावर खड्डे उकरले. पत्रावळीचे नाव नव्हते. काळी माती आणि दोनचार काड्या, बस्स. ताटांचा कागद गेला होता, पण प्रत्येक ताटावरचा पातळ, पारदर्शक पापुद्रा तसाच्या तसा हाती आला. फावड्याला तो गुंडाळला जाई. ते प्लास्टिकचे अस्तर होते.

येथे तीन शब्द वेगळे करून ठेवणे इष्ट. 'विघटनशील' म्हणजे जंतूंच्या योगे मोडून साध्या द्रव्यांत जाणारे. पण किती दिवसांत आणि कोणत्या स्थितीत हे सांगितल्यावाचून हा शब्द अर्धाच आहे. 'कंपोस्टयोग्य' हा त्याहून काटेकोर. तशा प्लास्टिकसाठी आपल्याकडे भारतीय मानक १७०८८ आहे. मात्र मक्याच्या किंवा तत्सम पिष्टापासून केलेली यांतील कित्येक प्लास्टिके मोठ्या कारखानी खत-ढिगातील साठ अंशांच्या उष्णतेतच नीट कुजतात. मठामागच्या खड्ड्यात किंवा नदीत ती फार काळ तशीच पडून राहतात. तिसरा शब्द 'पर्यावरणपूरक'. त्याला ठरलेले माप नाही.  नुसत्या शब्दांनी माल हिरवा करून विकण्यास इंग्रजीत 'ग्रीनवॉशिंग' असे नाव पडले आहे. आपण त्यास हिरवा मुलामा म्हणू. पाण्याच्या बाटलीच्या बुडाशी बाणांचा त्रिकोण आणि आत एक आकडा असतो, तो पाहून पुष्कळांना वाटते की ही बाटली पुन्हा वितळून नवी होणार. तो आकडा केवळ प्लास्टिक कोणत्या जातीचे एवढेच सांगतो. ती कोणी गोळा केली, कारखान्यात पोचविली, तरच पुढची गोष्ट. नाहीतर ती उन्हात तडकून तिचे बारीक बारीक तुकडे होतात. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना 'सूक्ष्मप्लास्टिक' म्हणतात. प्लास्टिक अशा वेळी नाहीसे होत नाही, नुसते दिसेनासे होते. 'पुनर्वापर' आणि 'पुनर्चक्रण' यांचीही अशीच गल्लत होते. आपल्या पडशीतला स्टीलचा पेला धुऊन पुन्हा वापरणे हा पुनर्वापर. त्यात काही मोडावे लागत नाही, वितळवावे लागत नाही. पुनर्चक्रणास गोळा करणारा, गाडी, कारखाना, पाणी, वीज, सारे लागते.

विणेकरी बाबांच्या 'शाश्वत' शब्दाकडे येतो. बाबांचे म्हणणे एका अर्थी बरोबर होते. आपल्या संप्रदायात शाश्वत असा एकच. बाकी देह, धन, घरदार सारे नाशिवंत. सरकारी कागदांतील 'शाश्वत विकास' हा निराळा शब्द आहे. तेथे त्याचा अर्थ टिकाऊ, पुढेही चालू राहील असा. नॉर्वेच्या पंतप्रधान ब्रुंटलंडबाई यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८७ मध्ये तो जगापुढे मांडला. आजच्या लोकांनी आपल्या गरजा अशा भागवाव्यात की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागविण्यास अडचण पडू नये, असा त्याचा भावार्थ. शेतकऱ्याला हे शिकवायला नको. कितीही ओढग्रस्तीचे वर्ष असो, बियाण्याची कणगी तो फोडीत नाही. विहिरीचेही तसेच. आपल्या भागातला काळा कातळ पाणी फार थोडे धरतो. पावसाने जेवढे मुरविले तेवढेच उपसणे हे शाश्वत, त्याहून खोल बोअर मारीत जाणे म्हणजे बियाणे दळून खाणे. या अर्थाने शब्द वापरला तर आमची हरकत नाही. निवडला मात्र चुकीचा, असे आम्हांस अजून वाटते. 'टिकाऊ' म्हटले असते तर बाबांना एका क्षणात कळले असते.

राहता राहिला कार्बन. तो फलकावरचा 'कार्बनमुक्त' शब्द तर सरळ चुकीचाच आहे. तुळशीचे पान, भाकरी, आपला देह, सर्वांत कार्बन आहे. हे ऐकून विणेकरी बाबा म्हणाले, "म्हणजे कार्बनमुक्त व्हायचं तर मरूनच जावं लागेल!" मेल्यावरही सुटका नाही, असे आम्ही म्हणालो. फलकवाल्यांना म्हणायचे होते ते कर्बवायूविषयी. कोळसा, डिझेल, गॅस जाळले की कर्बवायू निघतो आणि तो पृथ्वीची उष्णता घोंगडीसारखी अडवून धरतो. १९५८ मध्ये हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे. एखाद्या माणसाच्या किंवा कामाच्या पायी किती कर्बवायू निघतो, त्या हिशेबास 'कार्बन पाऊलखूण' म्हणतात. पायी चालणाऱ्याची ती फार हलकी; परंतु दिंडीचा ट्रक जो एक लिटर डिझेल जाळतो त्याचा पावणेतीन किलोच्या आसपास कर्बवायू होतो, हे दिंडीच्या हिशेबवहीत लिहिण्यासारखे आहे. 'नेट झिरो' म्हणजे जेवढा सोडला तेवढाच झाडांनी वा अन्य मार्गाने परत शोषून घेणे. भारताने त्यासाठी २०७० हे वर्ष ठरविले आहे. आणि एका वर्षी पाऊस लांबला म्हणजे लगेच 'हवामान बदल' म्हणू नये. निदान तीस वर्षांची सरासरी पाहून तो शब्द उच्चारायचा असतो.

लेख लिहून झाल्यावर विणेकरी बाबांना वाचून दाखविला. त्यांनी शांतपणे ऐकला आणि विचारले, "आपण चंद्रभागेत द्रोणात दिवा सोडतो, त्याचं काय?" आम्ही म्हटले, पूर्वी द्रोण पळसाचा आणि वात तुपाची असे, आता द्रोण अस्तराच्या कागदाचा मिळतो. एक दिवा काही नदी मारीत नाही, पण आषाढीच्या गर्दीत एकाने सोडला की मागून हजारो सुटतात. बाबा म्हणाले, "मग घाटाच्या पायरीवरच ठेवावा." त्यांच्या शेजारी बसलेल्या आजींनी मान हलविली. "पायरीवर कशाला? दिवा पाण्यातच शोभतो." यावर आमच्या दिंडीत अजून एकमत झालेले नाही. कार्तिकीच्या आधी पुन्हा बसायचे ठरले आहे.